दापोड्याहून परभणी, मार्गे १९३५

रात्रीचे साडेदहा. दापोड्यातल्या एका कंपाउंडच्या गाळ्यात तुम्ही उभे आहात. हातात स्कॅनर, पायाशी पॅलेट, पॅलेटवर सोयाबीन तेलाच्या पाऊचचे खोके. बाहेर मानकोली नाक्याकडून आलेला कंटेनर मागे घेता घेता अडलाय आणि क्लीनर ‘येऊ दे, येऊ दे’ करत त्याला एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात घालतोय. सुपरवायझर मोबाइलमध्ये बुडालेला. तुमचं गाव औसा तालुक्यात. घरी पाच एकर, खरिपाला सगळं सोयाबीन. दापोड्याच्या शिवारात सोयाबीनचं एक रोप शोधून सापडायचं नाही, पण तुमच्या हाताखालून रोज रात्री सोयाबीनच जातं.

एक पाऊच उचला. मागे बारीक अक्षरात लिहिलंय: एक लिटर, ९१० ग्रॅम. क्विंटलभर सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल निघतं. म्हणजे हातातल्या पाऊचमागे पाच किलो दाणे, आणि एका क्विंटलाचे वीस पाऊच. आता दुकानातल्या भावाने वीस पाऊचचे पैसे मांडा. दीडशे रुपयांचा एक धरलात तरी तीन हजार. तुमच्या वडिलांना, अण्णांना, दिवाळीच्या आसपास क्विंटलला चार हजारांच्या वर मिळाले. मिलवाला काय धर्मादाय चालवतो? वरचे हजार-बाराशे कुठून आले? आणि हे तेल अण्णांच्या दाण्यांचं असेलच असंही नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून.

हा प्रश्न खिशात ठेवा. शेती परिषदेला जाताना खिशात एक तरी प्रश्न लागतोच, नाहीतर माणूस कापडी पिशवी, टोपी आणि माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन परत येतो आणि घरी सांगतो की जेवण बरं होतं. तुम्हाला आज चार-पाच ठिकाणी हजेरी लावायचीय, तीही वेगवेगळ्या सालांत. गाळ्याचं शटर अर्धं वर आहे. वाका आणि पलीकडे व्हा.

पलीकडे रस्ता नाही, घोट्याच्या वर चिखल आहे. १९७५च्या आसपासचा जुलै. दापोडं अजून भाताचं गाव आहे. खाचरात आवणी चाललीय, बाया ओळीने वाकून मागे मागे सरकताहेत, आणि पाऊस असा की समोरचं माणूस दिसत नाही. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडणाऱ्या या पाण्यात सोयाबीनची मुळं गुदमरून कुजतील. इथे त्याचं काम नाही. या खाचरांवर पुढे गोदामं आली ती मुंबईच्या जकातीमुळे. माल हद्दीबाहेर उतरवायचा, साठवायचा, लागेल तसा आत न्यायचा. २०१७ साली जकात गेली, जीएसटी आला, गोदामं तरीही वाढतच राहिली. माल थांबवून ठेवण्यात पैसा असतो हे दापोड्याला फार लवकर कळलं. औशाला ते कळेपर्यंत काढणी होऊन जाते. असो, पाय काढा चिखलातून, पुढचा मुक्काम कोरडा आहे.

१९३५, वर्धा. जमनालाल बजाजांनी दिलेली ही वाडी आता मगनवाडी म्हणून ओळखली जाते. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं ठाणं इथेच आहे, संघाचं काम पाहणारे कुमारप्पा इथेच, आणि गांधीजीही सध्या इथेच राहतात. तुम्ही जेवणाच्या पंगतीत बसता. पानात शिजवलेलं सोयाबीन पडतं. चव विचाराल तर कच्चट. एक घास घेतला की पाण्याचा तांब्या शोधावासा वाटतो. पण इथे चवीला फारसं कोणी विचारत नाही. गरिबाच्या पोटात स्वस्तात प्रथिनं कशी जातील याचा हा प्रयोग आहे, आणि ‘हरिजन’मध्ये गांधीजी सोयाबीनवर लिहिताहेत. तिकडे बडोदा संस्थानातही हेच खूळ आहे. तिथले काळे नावाचे अधिकारी सोयाबीनची लागवड आणि पाककृती यांवर अख्खं पुस्तक काढण्याच्या बेतात आहेत.

पंगतीतल्या माणसांकडे नीट बघा. खाणारे आहेत, तोलणारे आहेत, लिहिणारे आहेत. पिकवणारा एकही नाही. त्यामुळे हा विषय पंगतीतच राहिला. पीक म्हणून सोयाबीन आपल्याकडे मूळ धरू लागलं ते तीस वर्षांनी. पंतनगर आणि जबलपूरच्या विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या साथीने ब्रॅगसारखी अमेरिकी वाणं इथल्या मातीत लावून पाहिली, १९६७ साली अखिल भारतीय संशोधन प्रकल्प सुरू झाला, आणि माळव्यातल्या पडीक ठेवायच्या खरिपात हे पीक घुसलं.

आता घरी चला. १९९६, सप्टेंबर. किल्लारीच्या भूकंपाला तीन वर्षं होताहेत. गावात पत्र्याची घरं अजून आहेत. बांधाच्या कडेला चाळीसेक माणसं जमलीत, मध्ये कृषी खात्याचा माणूस, मागे प्रात्यक्षिकाचा प्लॉट. मंडप नाही, माइक नाही, सतरंजीसुद्धा नाही. बाभळीच्या सावलीत एक सडपातळ पोरगा उकिडवा बसलाय. ते अण्णा. तुमच्याहून लहान आहेत, ओळख दाखवू नका.

आजवर गावात हायब्रिड ज्वारी, मूग, उडीद, तूर. हे नवं पीक म्हणजे जेएस-३३५, जबलपूरचं वाण, दोनच वर्षांपूर्वी आलेलं. जांभळी फुलं, दाण्याच्या नाकावर काळा ठिपका. शंभर दिवसांत रान मोकळं होतं आणि मागे हरभरा बसतो, हे सांगितल्यावर माणसं सरसावून बसतात. कुणीतरी विचारतं, “हे खायचं कसं?” हशा पिकतो. अण्णा विचारतात, “इकायचं कुठं?” हशा थांबतो. साहेब लातूरच्या तेल गिरण्यांचं नाव घेतात.

मग ते एक रोप मुळासकट उपटतात. मुळांना मोहरीएवढ्या, कुठे ज्वारीएवढ्या गाठी लटकलेल्या. त्यातली एक ते नखाने चिरतात आणि तळहात पुढे करतात. आत गुलाबी, लालसर. “ही गाठ काम करतीय. हवेतलं नत्र धरतीय. पांढरी निघाली तर समजायचं, फुकटची बसून खातीय.” तळहात सगळ्यांपुढून फिरतो. अण्णा वाकून बघतात, मग स्वतः एक गाठ चिरतात.

हे तुम्हाला आश्चर्याचं वाटेल, कारण तुमच्या आठवणीत अण्णांनी या गाठी बनवणारं जिवाणू संवर्धक बियाण्याला कधी चोळलेलं नाही. त्यांना माहीत होतं. पण पाकीट दुकानात मिळेना, मिळालं तर मुदत संपलेलं, आणि युरियाची गोणी मात्र दारात. एका मेळाव्यात कळलेली गोष्ट दुसऱ्या मेळाव्यात आठवून दिली नाही तर ती अशीच विरते. खात्याने त्या बांधावर पुन्हा सभा घेतली नाही आणि अण्णाही पुन्हा कुठे गेले नाहीत. जेएस-३३५ मात्र घरात राहिलं. पंचवीस वर्षं तेच.

इथून पुढचा टप्पा मोठा आहे, तेव्हा कल्याणला येऊन रात्रीची देवगिरी पकडा. सकाळी परभणी.

साल मुद्दाम सांगत नाही. १८ मे आहे एवढं पुरे. १९७२ साली याच तारखेला इथलं कृषी विद्यापीठ स्थापन झालं. २०१३पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. स्थापनादिनी खरीप पीक परिसंवाद आणि बियाण्याची विक्री होते. जगात जर्मनी, भारतात परभणी असं म्हणतात ते कशावरूनही असो, मे महिन्यातल्या दुपारी ते उन्हावरून असावं असं वाटतं. सकाळी नऊलाच डांबर मऊ पडलंय. विद्यापीठाच्या फाटकात जीप, टमटम, मोटारसायकली, डोक्याला पंचे. आणि मंडपाकडे जाणाऱ्या गर्दीपेक्षा बियाण्याच्या खिडकीपुढची रांग लांब.

मंडपात पाहुणे यायचेत. ते आले की दीपप्रज्वलन, मग विद्यापीठ गीत, मग शाल-श्रीफळ, मग प्रास्ताविक, मग मान्यवरांची मनोगतं. पहिला दीड तास शेतकऱ्यासाठी नसतो, तो फोटोंसाठी असतो. आयोजकांना हे सांगून उपयोग नाही. अनुभवी शेतकरी तो वेळ स्टॉलवर घालवतात. स्टॉलवरही दोन जाती. एका बाजूला संशोधन केंद्रांची टेबलं: कुंडीतली रोपं, बाटलीतल्या अळ्या, कंटाळलेला पण प्रश्न विचारला की खुलणारा माणूस. दुसऱ्या बाजूला रंगीत बाटल्या, एलईडी पडदा आणि एकरी उत्पादन दुप्पट करून देणारी पोरं. बाटलीवर घटक कोणते लिहिलेत ते वाचायला मागा. लिहिलेले नसतील तर पुढे चला.

रांगेत तुमच्यापुढे जिंतूरकडचे एक काका आहेत. त्यांच्या हातात ओल्या गोणपाटाची गुंडाळी. “काय आहे काका?” म्हटलं की तिथेच खाली बसून ते ती उलगडतात. आत दाण्यांच्या ओळी, दहा ओळी, ओळीला दहा. सहा दिवसांपूर्वी घरच्या पोत्यातले शंभर दाणे न निवडता मोजून ठेवले होते. बहुतेकांना पांढरे धट्टेकट्टे मोड आलेत, काही नुसतेच फुगलेत, काहींना बुरशी. ते बोटाने मोजतात, तुम्हीही मोजता. साठ. काका हिरमुसतात. टेबलापलीकडचे सर म्हणतात, “टाकून देऊ नका. सत्तर टक्क्यांना एकरी तीस किलो धरतो ना आपण? साठ उगवतंय तर पस्तीस घ्या. पन्नासच्या खाली गेलं तरच दुसरं बघा.”

इथे थांबा जरा. या गोणपाटाला खर्च शून्य आहे. २०२० सालच्या जूनमध्ये मराठवाड्यात हजारो शेतकऱ्यांचं सोयाबीन उगवलंच नाही. पंचनामे झाले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. आधीच्या हंगामात काढणीच्या वेळी पाऊस लागला होता आणि बियाण्याचा दाणा आतून बिघडलेला होता. सोयाबीनचं टरफल फार पातळ. पोतं उंचावरून आदळलं, थप्पी डोक्याच्या वर गेली, मळणी यंत्र जोरात फिरलं की दाणा दिसायला चांगला राहतो आणि आतला अंकुर मरतो. मळताना फेरे मिनिटाला साडेतीनशे-चारशेच्या आत ठेवा, हे वाक्य माहितीपत्रकात दहा वर्षं छापून येतंय. ते काकांनी वाचलेलं नाही. पण आज त्यांनी सरांना विचारलं, “मग माझं साठच का आलं?” आणि उत्तरात ते वाक्य आलं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि मळणीवाल्याचं नाव घेऊन एक शिवी हासडली. ती गोष्ट आता ते विसरणार नाहीत.

माझ्या मते परिषदेचा खरा लाभ एवढाच आहे: कळायचं ते आधी कळतं. पेरल्यावर दहाव्या दिवशी जे रानात दिसलं असतं ते १८ मेला गोणपाटात दिसलं. दुबार पेरणीचा खर्च वाचला तर हा एक दिवस, भाडं आणि उन्हात तापलेलं डोकं यांची भरपाई होऊन वर उरतं.

आता तुमचा नंबर. खिडकीत विचारतात, कुठलं पाहिजे? तुम्ही म्हणता, चांगलं कुठलं? मागची रांग हसते. हा प्रश्न इथे चालत नाही. जमीन भारी की हलकी, पाणी आहे का, मागे हरभरा घ्यायचाय का, काढणी मजुरांनी की हार्वेस्टरने? हार्वेस्टरने म्हणता तेव्हा एमएयूएस-१६२ पुढे येतं, कारण त्याच्या शेंगा जमिनीपासून उंचावर लागतात आणि कापताना खालच्या शेंगा रानात राहत नाहीत. एमएयूएस-७१ जुनं, शेंगा लवकर न तडकणारं. कुणी फुले संगम मागतं. ते राहुरी विद्यापीठाच्या सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्रातलं, तांबेऱ्याला दाद न देणारं, सर म्हणतात, “भारी रान आणि पाणी असेल तर घ्या, दाट पेरू नका, आणि ३३५पेक्षा उशिरा निघेल हे हरभऱ्याच्या वेळी आठवा.” बियाणं थोडंच मिळतं, एकाला एकच पिशवी. कुरकुर होते. पण सोयाबीन स्वपरागीत पीक आहे. एका पिशवीपासून पुढच्या वर्षी पाच एकरांचं बी तयार होतं आणि दोन-तीन वर्षं ते घरचंच वापरता येतं. म्हणून तर ही रांग एवढी लांब.

पिशवी खांद्यावर टाकून तुम्ही मंडपात येता तेव्हा प्रश्नोत्तरं चाललीत. कोणी उभं राहून पाच मिनिटं स्वतःची कैफियत मांडतं, माइक काढून घ्यावा लागतो. मग एक बाई उठतात, हातात वही. “आधी जिवाणू लावायचं का आधी औषध?” पाच शब्दांचं उत्तर येतं: बुरशीनाशक, कीटकनाशक, मग शेवटी जिवाणू. क्रम उलटला की औषध जिवाणूंनाच मारतं. बाई वहीत १, २, ३ असे आकडे टाकून बसतात. दिवसभरातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच होता, आणि तो विचारायला त्यांना दोन एसट्या बदलून यावं लागलं.

जाता जाता कृषी पणन मंडळाच्या टेबलावरचा एक कागद उचला. वर लिहिलंय शेतमाल तारण कर्ज योजना. घडी घालून खिशात ठेवा. तो प्रश्न आहे ना, त्याच खिशात.

सप्टेंबर २०२३. अकोला. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवार फेरी. इथे भाषणं कमी, चालणं जास्त. ऑगस्टने पाठ फिरवली. १९०१पासून देशात एवढा कोरडा ऑगस्ट नोंदला गेलेला नाही. आणि आता विदर्भात ठिकठिकाणी सोयाबीन चार-सहा दिवसांत पिवळं पडतंय. तुमच्या शेजारी चालणाऱ्या यवतमाळच्या भाऊंनी प्लास्टिकच्या पिशवीत आपल्या रानातलं झाड आणलंय. असं झाड बरोबर आणावं. ‘पिवळं पडलंय’ एवढ्या वर्णनावर कुणालाही काही सांगता येत नाही.

शास्त्रज्ञ झाड हातात घेऊन आधी पान उलटतात, मग खोड चिरतात. “हे दोन आजार आहेत. पानावरचे हिरवे-पिवळे ठिपके, तो मोझॅक. तो पांढरी माशी पसरवते. माशी रोखायला हवी होती जुलैत. हे खोडाच्या आत राखेरी काळं दिसतंय, ती मूळकूज. ती कोरड्या ताणाने वाढली. तुम्ही फवारलं काय?” भाऊ एका बुरशीनाशकाचं आणि दोन टॉनिकांचं नाव सांगतात. मोझॅकवर बुरशीनाशक चालत नाही, तो विषाणू आहे. भाऊंच्या चेहऱ्यावर एका झटक्यात अडीच हजार रुपयांचा हिशेब उमटतो. शेजारच्या पट्ट्यात रुंद वरंबा-सरीवर पेरलेलं सोयाबीन आहे. तेही निस्तेज आहे, पण उभं आहे. सरीत मुरलेल्या ओलीने ताण काही दिवस पुढे ढकलला. भाऊ तिथे बराच वेळ उभे राहतात. यंदाचं पीक हातचं गेलंच आहे. आधी कळण्याची वेळ टळली की परिषदेतून एवढंच मिळतं, पुढच्या जूनसाठी.

आणि आता इंदूर. ऑक्टोबर. तुमच्या पाऊचच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची संघटना, सोपा, १९७९पासूनची. तिच्या परिषदेत सुटाबुटातले लोक, थंडगार हॉल, पडद्यावर शिकागोच्या वायद्यांचे आलेख. शेतकरी जवळपास नाहीत. तुम्ही मागच्या रांगेत बसा.

थोड्या वेळाने लक्षात येतं की इथे तेलाबद्दल कमीच बोललं जातंय. सगळे बोलताहेत पेंडीबद्दल. क्विंटलातलं तेल १८ किलो, पण पेंड ऐंशी किलो. टनाला बत्तीस हजार धरले तर ऐंशी किलोचे झाले अडीच हजारांच्या वर. तिथून आले ते हजार-बाराशे, आणि मिलचा खर्च आणि नफाही. आपण ज्याला तेलबी म्हणतो तिच्यात मिलवाल्याचा जवळपास निम्मा जीव पेंडीत असतो, आणि पेंड खातात कोंबड्या. अंड्याचा आणि ब्रॉयलरचा धंदा खाली गेला की औशाचा भाव खाली जातो. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, ज्याला इथे सगळे डीडीजीएस म्हणताहेत, पेंडीपेक्षा स्वस्तात पोल्ट्रीवाल्यांना मिळू लागला आणि सोयाबीन पेंडीचा उठाव घटला. अण्णा दरवेळी तेलावरच्या आयातशुल्काची बातमी ऐकून माल ठेवायचा की विकायचा ते ठरवतात. ते अर्धंच चित्र बघतात.

२०२१चा ऑगस्ट आठवतोय? लातूरला दहा हजारांच्या वर भाव गेला होता आणि गावात पेढे वाटायचे बाकी होते. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. पोल्ट्रीवाले महिनोन्‌महिने ती मागत होते, उघडपणे. नवं पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. डिसेंबरात सोयाबीनचे वायदेही बंद झाले. या हॉलमधल्या लोकांना त्याचा अंदाज होता, बांधावरच्यांना नव्हता. सोपा इथे पिकाचा स्वतःचा अंदाजही मांडते. तो ऐकायला व्यापारी विमानाने येतात. गावागावांतल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी एकेक माणूस इथे पाठवायला काय हरकत आहे, मला कळत नाही. प्रवासखर्च दहा कट्ट्यांचाही नाही.

शेवटचा मुक्काम. नोव्हेंबर २०२४, तुमच्या तालुक्याचा अडत बाजार. अण्णा, तुम्ही आणि तीस क्विंटल. हमीभाव ४,८९२, बोली ४,२००. हमाल पोत्यात बंबू खुपसून मूठभर दाणे काढतो, यंत्रात टाकतो. ओलावा १४. बाराच्या वर म्हणून आणखी कापणार. तुम्ही खिशातला कागद उलगडता. पन्नाशीत पोचलेले अण्णा, ज्यांनी एकदाच एक मेळावा बघितलाय, वैतागतात. “काय करायलास रं? दिवाळीची देणी हायती.”

तुम्ही हिशेब सांगता. दहा क्विंटल आज विकू, देण्यापुरते. वीस क्विंटल वाळवून बाजार समितीच्या गोदामात तारण ठेवू. बाजारभावाच्या ७५ टक्के, म्हणजे ४,२०० धरून क्विंटलला ३,१५०, वीस क्विंटलचे ६३ हजार आत्ता हातात. व्याज सालाला सहा टक्के, सहा महिन्यांचे १,८९० रुपये. माल आपलाच राहतो. अण्णा पावती उलटीपालटी करून बघतात. दापोड्यातले कंपाउंडवाले जे रोज करतात ते अण्णा आयुष्यात पहिल्यांदा करताहेत: माल ठेवून पैसा उचलणं.

मग डिसेंबर जातो, जानेवारी जातो. भाव हलत नाही. मार्चमध्ये थोडा खालीच सरकतो. मुदत संपायला आली तेव्हा तुम्ही दापोड्यात आहात आणि अण्णांचा फोन येतो. जवळजवळ त्याच भावाला माल गेला, वर व्याज आणि दोन खेपांचं भाडं. हरभऱ्याचं बी मात्र यंदा उधारीवर आणावं लागलं नाही, आणि दिवाळीत दुकानदाराकडे हात पसरावा लागला नाही, हे ते आपणहून सांगत नाहीत, विचारल्यावर सांगतात.

“त्या मंडपात थांबायचं कसं ते सांगत्यात,” अण्णा म्हणतात. “थांबायचं कवा आन् इकायचं कवा, हे कोन सांगतंय का ते इचार की.”

लिहून घ्या. १८ मेला दोन आठवडे आहेत. सुपरवायझरला सुट्टीचं आजच सांगा आणि देवगिरीचं तिकीट काढा, मे महिन्यात वेटिंग फार लांबतं. अण्णा यंदा स्वतः येणार म्हणताहेत, तेव्हा परतीची दोन काढा.